फोंताइन्हासमध्ये रोज किती माणसं सोडायची?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. पणजीतल्या फोंताइन्हासमध्ये, ३१ जानेवारी मार्गाच्या मागच्या गल्लीत तुमच्या आजीचं घर आहे. सकाळपासून दारात फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते, पायऱ्यांवर अनोळखी माणसं बसलेली असतात, भाड्याच्या गाड्यांमुळे घरची स्कूटर बाहेर काढता येत नाही. शेजाऱ्यांच्या बैठकीत सूचना आली की रोज ठरावीक संख्येनेच पर्यटक आत सोडावेत आणि त्यांना तिकीट लावावं. तो आकडा कसा काढायचा, असं तुम्ही विचारलं आहे.

मी नगररचनाकार आहे. जुन्या, नांदत्या वस्त्यांमधली वाहतूक आणि वर्दळ हेच माझं बरंचसं काम. आकडा कसा काढतात ते सांगतो, पण बैठकीत त्यावर हटून बसू नका, असंही आधीच सांगतो. आकड्याने तुमच्या आजीचा त्रास कमी होणार नाही. तो कशाने होईल हे सांगायला थोडं सविस्तर लिहावं लागेल.

आधी आकडा. समजा, एक गल्ली चार मीटर रुंद आणि साठ मीटर लांब आहे, म्हणजे २४० चौरस मीटर. त्यातली एक तृतीयांश जागा उभ्या दुचाकी, घरांच्या पायऱ्या आणि कुंड्या खातात. उरली १६०. माणसाला धक्का न लागता चालायला, थांबायला, वर बघायला चार चौरस मीटर द्या. म्हणजे एका वेळी चाळीस माणसं. आता प्रत्येक जण दहा मिनिटांत पुढे सरकला, तर तासाला २४० जण येऊन जातात. प्रत्येक जण चाळीस मिनिटं रेंगाळला, तर फक्त साठ. गल्ली तीच, गर्दीही तेवढीच, पण क्षमतेत चौपट फरक. दुचाकी हलवून जागा पूर्ण मोकळी केली, तर चाळीसऐवजी साठ माणसं मावतात आणि आकडा पुन्हा बदलतो. म्हणजे ‘फोंताइन्हासची क्षमता’ नावाची जमिनीत गाडलेली कुठलीही संख्या नाही. वाहनं कुठे उभी राहतात आणि माणूस कुठे किती वेळ थांबतो, यावर ती ठरते. तुम्ही नियम बदलले की संख्या बदलते.

शिवाय हा सगळा हिशेब पाहुण्याच्या सोयीचा झाला. चार चौरस मीटर त्याला पुरतात. पण आजीच्या खिडकीसमोर दिवसभर चाळीस माणसं असणं तिला चालेल का, याचं उत्तर या गणितात कुठेच येत नाही. फोंताइन्हासची घरं थेट रस्त्याला लागून आहेत. मध्ये अंगण नाही, कुंपण नाही. दोन-तीन पायऱ्या आणि दार. खिडकीची चौकट रस्त्यावरच्या माणसाच्या छातीपर्यंत येते. तिथल्या एका घरात कामाच्या चर्चेसाठी बसलो असताना गजांमधून एक हात आत आला, मोबाइल धरलेला, आणि त्याने भिंतीवरच्या देव्हाऱ्याचा, तिथल्या मेणबत्तीसकट, फोटो काढला. घरच्या बाई बोलता बोलता उठल्या, खिडकी लावली आणि परत येऊन बसल्या. मे महिना होता. त्या दिवशी गल्लीत माणसं मोजली असती तर पंधरासुद्धा भरली नसती.

आकडा हाती असून काय होतं, ते व्हेनिसमध्ये दिसतं. तिथल्या जुन्या शहराला दिवसाला किती पाहुणे झेपतील याचा हिशेब पाओलो कोस्ता आणि एलियो कानेस्त्रेल्ली या अभ्यासकांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी मांडला होता. उत्तर आलं सुमारे २०,७५०. कोस्ता पुढे २००० ते २००५ या काळात त्याच शहराचे महापौर होते. तरीही ती मर्यादा कधी अमलात आली नाही. २०२४ मध्ये दिवसापुरत्या येणाऱ्यांना पाच युरो शुल्क लागलं, तेही वर्षातल्या २९ दिवसांपुरतं, आणि त्यात संख्येची मर्यादा नव्हतीच. पैसे भरले की प्रवेश. मधल्या काळात रहिवासी निघून गेले. १९५०च्या सुमारास जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहत होती, २०२२ मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली आली. मला तिथे काळजी वाटते ती या दुसऱ्या आकड्याची, आणि तुमच्या बैठकीत मोजायला हवा तोही हाच. फोंताइन्हासमध्ये रात्री किती घरांत दिवा लागतो? पाच वर्षांपूर्वी किती घरांत लागत होता?

आता तिकिटाबद्दल. फोंताइन्हासचे रस्ते सार्वजनिक आहेत. राज्यघटनेच्या कलम १९ मधल्या संचारस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, पण ते कायद्याने. रहिवाशांच्या ठरावाने गल्लीच्या तोंडाशी दोरी बांधता येणार नाही. माथेरानचं उदाहरण कुणीतरी देईलच. तिथे नगरपालिका बाहेरून येणाऱ्यांकडून कर घेते आणि गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबवते. पण माथेरान डोंगरावर आहे, गाडीने वर यायला एकच रस्ता आहे आणि तो तिथेच संपतो. कासच्या पठारावरही फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी चालते, कारण तिथे हंगाम ठरलेला आहे आणि पठारावर कुणी राहत नाही. फोंताइन्हासला एका बाजूने आल्तिनो टेकडीवरून पायऱ्या उतरतात, दुसरीकडून मळा या शेजारच्या भागातून वाट येते, तिसरीकडे ओरेम खाडीकाठचा अख्खा रस्ता उघडा आहे. प्रत्येक वाटेवर माणूस बसवायचा, त्याने शेजारच्या गल्लीतल्या बाईला आणि दिल्लीहून आलेल्या मुलीला वेगळं ओळखायचं आणि एकीकडून पैसे मागायचे, हे होणारं काम नाही. शिवाय तिकीट घेतलेल्या माणसाला वाटतं की आपण पैसे मोजलेत, आता आपल्याला सगळं दाखवलं पाहिजे. आजीचं दार त्याच्या लेखी प्रदर्शनाचा भाग होतं. मला तिकिटाची सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटते.

तर गर्दी गल्लीत अडवायची नाही. ती जिथून निघते तिथे अडवायची. तुमच्याकडे तीन वेगवेगळे त्रास एकत्र होऊन आले आहेत आणि तिन्हींचं मूळ वेगळ्या ठिकाणी आहे. पहिला वाहनांचा, दुसरा दारातल्या वागण्याचा, तिसरा वस्ती हळूहळू रिकामी होण्याचा.

वाहनांचा त्रास सगळ्यात सोपा आहे आणि सुरुवात तिथूनच करा. खाडीपलीकडे पाटो आहे. तिथे बसस्थानक आहे, बहुमजली पार्किंग आहे, राज्य मध्यवर्ती ग्रंथालयासारखी ठिकाणं आहेत आणि खाडी ओलांडून चालत यायला पूल आहे. पर्यटकांच्या बस, टॅक्सी आणि भाड्याच्या गाड्या पाटोवरच थांबल्या आणि माणसं पूल ओलांडून चालत आली, तर गर्दी एकदम न कोसळता पाझरत येते. पन्नास जणांची बस वस्तीतल्या चॅपलसमोर रिकामी झाली की पन्नास माणसं एकाच मिनिटात एकाच भिंतीसमोर उभी राहतात. तीच माणसं दहा मिनिटं चालून आली की वाटेत पांगतात. ऑस्ट्रियातल्या हॉलश्टाट या छोट्या गावाने २०२० पासून पर्यटक बसना आगाऊ वेळ नोंदवल्याशिवाय प्रवेश बंद केला. तिथेही माणसं मोजत नाहीत, बस मोजतात. बस मोजता येते, तिला नंबर असतो, मालक असतो, परवाना असतो आणि दंड कुणाला लावायचा ते माहीत असतं. आतल्या गल्ल्यांत रहिवाशांच्या गाड्यांना स्टिकर आणि बाकीच्यांना प्रवेशबंदी, हे मनपा आणि वाहतूक पोलिसांच्या प्रस्तावावर जिल्हाधिकारी अधिसूचनेने करू शकतात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

वागण्याचा त्रास वेळेशी बांधलेला आहे, आणि हे जागेवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. फोंताइन्हास आल्तिनोच्या पूर्वेच्या पायथ्याशी आहे. सकाळचं ऊन खाडीवरून थेट दर्शनी भिंतींवर येतं. पिवळा, निळा, तांबडा रंग आणि खिडक्यांभोवतीचे पांढरे पट्टे त्या उन्हात उजळून निघतात. दुपार कलली की टेकडीची सावली लवकर उतरते. म्हणून फोटोवाल्यांना सकाळच हवी असते. आणि तुमच्या घरांनाही सकाळच हवी असते. पदेर पाव घेऊन येतो तो तेव्हाच, मुलं शाळेला निघतात तेव्हाच, म्हातारी माणसं चर्चमधल्या मिसाहून परततात, दाराशी दोन मिनिटं बोलत उभी राहतात, तीही तेव्हाच. दोघांची वेळ एकच आहे आणि जागाही एकच आहे. भांडण तिथे आहे.

सोलमधल्या बुकचोन या जुन्या घरांच्या वस्तीचं हेच झालं होतं. त्यांनी २०१८ मध्ये आधी विनंती करून पाहिली, की दहा ते पाच या वेळेतच या. विनंतीला कायद्याचं बळ नव्हतं, त्यामुळे फरक पडला नाही. मग २०२४ मध्ये तो भाग विशेष व्यवस्थापन क्षेत्र म्हणून जाहीर झाला, सगळ्यात जास्त त्रास असलेल्या गल्लीत संध्याकाळी पाच ते सकाळी दहा पर्यटकांना बंदी आली आणि मार्च २०२५ पासून एक लाख वॉन दंड सुरू झाला. रहिवासी, त्यांचे पाहुणे, दुकानदार यांना ती बंदी लागू नाही. यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांनी अख्ख्या वस्तीला एकच नियम लावला नाही. सगळ्यात जाचक नियम सगळ्यात त्रासलेल्या गल्लीलाच लावला. तुमच्याकडेही पूर्ण फोंताइन्हास बंद करायची गरज नाही. त्रास चार-पाच भिंतींसमोर एकवटलेला असतो. त्या भिंती कोणत्या, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आपल्याकडे बुकचोनसारखी संचारबंदी लगेच बसेल असं मला वाटत नाही. पण व्यावसायिक चित्रीकरणावर आजही नियम बसवता येतात, आणि माझ्या अनुभवात अर्धा त्रास तिथूनच येतो. चित्रपट आणि जाहिरातींना परवानगी लागते. गोव्यात ती एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडून मिळते. गळती आहे ती लग्नाआधीच्या फोटोंची आणि कपड्यांच्या ब्रँडसाठी दोन माणसांत उरकणाऱ्या चित्रीकरणाची. यांच्यासाठी सरळ रेघ ओढा. स्टँड, दिवे, रिफ्लेक्टर किंवा कपडे बदलणं आलं की ते चित्रीकरण, मग माणसं दोन असोत की वीस. त्याला मनपाचा दैनिक परवाना, ठरलेल्या तासांतच मुभा, आणि एखाद्या घराचं दार किंवा पायरी चौकटीत मुख्य विषय म्हणून येत असेल तर त्या घराची लेखी संमती. हातात मोबाइल घेऊन चालत जाणाऱ्या कुटुंबाला यातलं काहीही लागू करू नका. त्यांना गुन्हेगारासारखं वागवलंत तर नियम टिकणार नाही आणि तुमची बाजूही दुबळी होईल.

‘फोटो काढू नका’ या पाट्यांचं म्हणाल तर, नुसती मनाई करणारी पाटी लोक दुसऱ्या दिवशी विसरतात. ‘या घरात लोक राहतात, पायरीवर बसू नका, खिडकीतून आत पाहू नका’ अशी नेमकी पाटी जास्त काम करते, कारण येणाऱ्यांपैकी पुष्कळांना ही घरं राहती आहेत हे खरोखर माहीत नसतं. आणि ती पाटी पाटोच्या पुलाशी असू दे, माणूस वस्तीत शिरण्याआधी.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर, गाड्या खाडीपलीकडे, चित्रीकरण परवान्याने आणि ठरलेल्या वेळेत, जाचक नियम फक्त मोजक्या जागी. एवढं झालं तर माणसांची संख्या तीच राहूनही आजीची सकाळ तिला परत मिळू शकते.

तिसरा त्रास मात्र यातल्या कशानेही सुटत नाही आणि मला तोच सगळ्यात मोठा वाटतो. फोंताइन्हासमधली बंद घरं पर्यटकांमुळे बंद झालेली नाहीत. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यातून आलेली वारसा पद्धत आहे. मालमत्तेचा निम्मा हिस्सा वारसांना द्यावाच लागतो आणि मुलगा-मुलगी समान. ही पद्धत न्याय्य आहे, मला तिचा अभिमान वाटतो. पण दोन-तीन पिढ्यांनी एका घराला डझनभर मालक होतात. कुणी पणजीत, कुणी मुंबईत, कुणी लिस्बनमध्ये. इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांमध्ये मालमत्ता वाटून घेण्याचा दावा वर्षानुवर्षं चालतो. तोवर कौलं कुणी परतायची, शिंपल्यांची तावदानं निखळली ती कुणी बसवायची, पावसाळ्यानंतरचा रंग कुणी द्यायचा, हे ठरत नाही. जिथे जुने भाडेकरू आहेत तिथे १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याखालचं भाडं इतकं कमी असतं की मालक दुरुस्तीला हात लावत नाही. अशा घराला एक दिवस कॅफेवाला किंवा हॉस्टेलवाला भेटतो, चांगली रक्कम देतो, आणि सगळ्या वारसांच्या सह्या महिन्याभरात गोळा होतात. मी त्या वारसांना दोष देत नाही. पडणारं घर उभं राहिलं, हेही खरंच आहे. पण अशी दहा घरं झाली की गल्लीत रात्री हाक मारायला शेजारी उरत नाही.

म्हणून तुमच्या ठरावात संख्येच्या जागी हे घाला, असं माझं म्हणणं आहे. मालक किंवा भाडेकरू स्वतः राहतो आणि एक-दोन खोल्या पाहुण्यांना देतो, अशा घराला प्रोत्साहन. अख्खं घर पाहुण्यांना देण्यावर गल्लीगणिक मर्यादा. पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या प्रत्येकाला १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. तुमच्या प्रभागातली यादी माहिती अधिकारात मागा आणि प्रत्यक्ष घरांशी ताडून पाहा. बार्सिलोनाने पर्यटकांसाठीच्या १०,१०१ सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचं ठरवलं आहे; इतक्या टोकाला जायची वेळ आपल्यावर आलेली नाही, आणि येऊ नये म्हणून आत्ताच मोजायला हवं.

पैशांचं थोडक्यात. चित्रीकरण परवान्याचं शुल्क, पार्किंगचं शुल्क, दंड, हे सगळं मनपाच्या सर्वसाधारण निधीत गेलं तर रहिवाशांच्या हाती त्रास तेवढा राहतो. स्वतंत्र खातं आणि त्यातून राहत्या घरांच्या छपरांची, चुन्याच्या गिलाव्याची दुरुस्ती, एवढी अट ठरावात लिहूनच घ्या. आणि गिलावा चुन्याचाच, हेही लिहा. चिऱ्याच्या भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, दोन पावसाळ्यांत रंग पापुद्र्यांनी सुटतो आणि खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.

काय कशावर अवलंबून आहे, तेही सांगायला हवं. तुमच्या शेजाऱ्यांत कॅफे आणि होमस्टे चालवणारे किती आहेत, यावर बैठकीचा सूर ठरेल. त्यांना विरोधक समजू नका. गर्दी बेशिस्त झाली की चांगला, थांबून जेवणारा पाहुणा सगळ्यात आधी यायचं सोडतो, आणि हे त्यांना तुमच्याइतकंच कळतं. कार्निव्हल आणि इफ्फी चित्रपट महोत्सवाच्या दिवसांना वेगळे नियम लागतील. एखाद्या सणाला किंवा कलाप्रदर्शनाला रहिवाशांनी आपणहून दारं उघडली, तर तेवढीच गर्दी कुणाला खुपत नाही, हेही लक्षात ठेवा. तिथे यजमान ते स्वतः असतात.

पुढच्या बैठकीआधी एकच काम करा. मोजणी. एक बुधवार, एक शनिवार, एक रविवार. नाताळच्या सुट्टीतले दिवस घेऊ नका, नाहीतर ‘हे काय वर्षभर असतं का’ म्हणून सगळी मोजणी बाजूला सारली जाईल. सकाळी सात ते संध्याकाळी सात, दर तासातली पहिली पंधरा मिनिटं, तीन ठिकाणी एकेक माणूस: पुलाशी, चॅपलसमोर आणि ज्या भिंतीसमोर सर्वाधिक गर्दी होते तिथे. कागदावर रकाने पाच. चालत पुढे गेलेले, थांबून मोबाइलवर फोटो काढलेले, उपकरणांसह आलेले, कुणाच्या पायरीवर बसलेले किंवा खिडकीत डोकावलेले, आणि गाडी लावून उतरलेले. सोबत घरांची एक वेगळी यादी करा: राहतं, बंद, व्यवसायाचं, अख्खं पाहुण्यांना दिलेलं. या दोन कागदांवर कुणाचंही नाव लिहू नका, फक्त घराची जागा. नाव आलं की शेजारी बिथरतात आणि खरी माहिती मिळत नाही. घरांची यादी करायला आजीलाच सोबत घ्या. कोणत्या घरात कोण कधीपर्यंत राहत होतं, हे मनपाच्या घरपट्टीच्या वहीपेक्षा तिला नेमकं ठाऊक असेल.